फायर अलार्मच्या कामात आर्किटेक्ट अन् इंजिनिअरसोबत कसं जमवून घ्यावं?

अलार्मवाला_हिंगणघाट

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण वाचा न. मी हिंगणघाट तालुक्यातला. आधी सीसीटीव्ही, इन्व्हर्टर, मोटरपंपाचे स्टार्टर अशी कामं करायचो, गेल्या ४ वर्षांपासून फायर अलार्मचं काम करून राहिलो. लायसन्स नागपूरच्या एका एजन्सीचं आहे, साइटवरचं सगळं मी अन् कामावरची दोन पोरं पाहतो. आतापर्यंत लहान कामं केली, बँकेची शाखा, एक मंगल कार्यालय, एक होस्टेल. तिथं आर्किटेक्ट नावालाच होता, मालक म्हणे इथं लाव, लावून मोकळं.

आता तालुक्याच्या गावी ४० खाटांचं हॉस्पिटल बनून राहिलं, तळमजला अन् वर दोन मजले. आर्किटेक्ट मॅडम नागपूरच्या, इलेक्ट्रिकल-फायरचे कन्सल्टंट पण नागपूरचेच, साइटवर बिल्डरचा एक तरुण इंजिनिअर आहे. अडचण अशी झाली की पहिल्या मजल्याच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक खोलीत मधोमध डिटेक्टर दाखवला होता, अन् पीओपीवाल्यानं नेमका तिथंच कॅसेट एसी बसवायला चौकोन सोडला. एसीच्या झोतात डिटेक्टर लावला तर धूर त्याच्यापर्यंत पोचणारच नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी माझ्याच मनानं ७ डिटेक्टर हलवले. शनिवारी मॅडम आल्या, वर पाहिलं अन् डॉक्टरसाहेबांसमोरच विचारलं, हे हलवायला तुम्हाला कोणी सांगितलं? लाइटांची सरळ रांग होती, तिच्यात माझे डिटेक्टर वाकडे दिसत होते. आता छत परत कापायचं, परत पुट्टी, परत रंग, अन् खर्च माझ्या बिलातून.

दुसरं म्हणजे बीओक्यूत, म्हणजे कामाच्या अन् सामानाच्या यादीत, कन्व्हेन्शनल पॅनल आहे, ८ झोनचा, त्यात इमारतीच्या कोणत्या भागात अलार्म आला एवढंच दिसते. मला वाटते हॉस्पिटलला अ‍ॅड्रेसेबल पायजे, त्यात नेमका कोणता डिटेक्टर वाजला ते दिसते. मी हे डॉक्टरसाहेबांना सरळ बोललो, त्यांनी कन्सल्टंटला फोन लावला, अन् कन्सल्टंटचा समज असा झाला की हा माणूस बिल वाढवायला पाहून राहिला. तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत.

तिसरं, गच्चीवर पत्र्याचं स्टोअर आहे, तिथं हीट डिटेक्टर लावला तर मे महिन्यात दोनदा दुपारी अलार्म वाजला, आग नाही काही नाही. साइट इंजिनिअर म्हणते तुमचा माल खराब.

मला भांडायचं नाही कोणाशी. हॉस्पिटल आहे, उद्या माझ्याच बहिणीचं बाळंतपण तिथं होईल, काम चांगलं व्हावं एवढंच वाटते. अन् याच मॅडमकडे एका जिनिंग फॅक्टरीचंही काम येऊन राहिलं, ते मला मिळू शकते. या लोकांशी बोलायचं कसं, कोणत्या वेळी काय विचारायचं, हे अनुभवी माणसांनी सांगावं.

जुना_वायरमन_यवतमाळ

भाऊ, पहिले एक सांगतो, राग नका मानू. डिटेक्टर हलवला हे बरोबर केलं, पण न विचारता हलवला इथं चुकलं. एसीच्या झोतात डिटेक्टर नाही लावत, हे मॅडमलेही पटलं असतं. त्यायले राग काहून आला, तं त्यायच्या छताचा नकाशा तुम्ही परस्पर बदलला म्हणून. त्या नकाशावर त्यायची सही आहे न. उद्या फायर ऑफिसर आला अन् मंजूर नकाशात एक अन् छतावर दुसरंच दिसलं तं उत्तर त्यायलेच द्या लागते.

म्या ३१ वर्षं वायरिंग केली, त्यातली शेवटची १४ फायरची. माहा अनुभव असा की अर्धे भांडणं स्लॅब पडायच्या आधीच मिटवता येते. स्लॅबमध्ये कंड्यूट, म्हणजे वायरीची पाइप, टाकायची राहिली की नंतर सगळं उघड्यावर पाइप, मग आर्किटेक्ट म्हणते हे दिसते, मालक म्हणते हे कसं झालं, अन् इंजिनिअर म्हणते मले कोणी सांगतलंच नाही. म्हणून काम हातात आलं की पहिल्याच आठवड्यात साइट इंजिनिअरकडून स्लॅबची तारीख काढून घ्या अन् त्याच्या आठ दिवस आधी नकाशावर लाल पेनानं बॉक्स, पॅनल, हूटर म्हणजे भोंगे, खाली येणाऱ्या पाइपा, सगळं मारून नेऊन द्या. तुमच्यापाशी एक कॉपी, त्यायच्यापाशी एक, तारीख टाकून.

आणखी एक. छताचा वेगळा नकाशा असते, त्याले ते आरसीपी म्हणतात, रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅन. त्याच्यावर लाइट, एसी, पंखे, स्पीकर, सगळं एकाच कागदावर दिसते. तुम्ही फक्त फायरचा नकाशा पाहून काम केलं असन, म्हणून एसी अन् डिटेक्टर एकाच जागी आले. आरसीपी मागायला लाजू नका. नाही दिला तं 'आरसीपी मिळाल्यावर पहिल्या मजल्याच्या जागा पक्क्या करतो' असं लिहून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तं ते चार दिवसांत खाली जाते, ईमेल करा अन् त्याले नंबर द्या, प्रश्न १, प्रश्न २. दोन महिन्यांनी कोणी विचारलं तं नंबर सांगता येते.

पत्र्याच्या स्टोअरचं तं उघड आहे. साधा हीट डिटेक्टर ५७ डिग्रीच्या आसपास वाजतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५-४६ असते, पत्र्याखाली कोंडलेल्या हवेत काय होत असन ते तुम्हीच पाहा. माल खराब नाही, जागेसाठी चुकीचा निवडला गेला. जास्त तापमानाचा हीट डिटेक्टर मिळते, कन्सल्टंटले तोच सुचवा. पण त्याआधी दुपारी दोन वाजता पत्र्याखाली थर्मामीटर लटकवून फोटो काढा, तारीख-वेळ दिसली पायजे. असा फोटो पाहून कोणताही इंजिनिअर ऐकते.

रोखठोक_वरुड

माझं वेगळं मत आहे. नागपूरचे आर्किटेक्ट-कन्सल्टंट इकडे महिन्यातून एकदा येतात, त्यांच्या नादी लागत बसलं तर काम कधीच संपत नाही. पैसा मालक देते, मालकाला सरळ समजावून सांगा अन् मोकळे व्हा. मी तर असंच करतो.

जुना_वायरमन_यवतमाळ

वरुडवाले भाऊ, तसं एकदा होते, दोनदा होते, तिसऱ्यांदा त्या आर्किटेक्टच्या यादीतून आपलं नाव जाते. अन् मालकाले काय कळते हो झोन अन् लूप? त्याले कळते फक्त की हे दोघं भांडून राहिले. मग तो दोघांवरही भरवसा ठेवत नाही.

नकाशा_अमरावती

मी आर्किटेक्ट आहे, अमरावती अन् आजूबाजूच्या तालुक्यांत काम करते, त्यामुळे पलीकडच्या बाजूनं बोलते.

तुमच्या मॅडमनी डॉक्टरांसमोर बोलायला नको होतं, ते बाजूला घेऊन सांगता आलं असतं, हे मी मान्य करते. पण आमच्या डोक्यात काय चालू असतं ते पण समजून घ्या. एका हॉस्पिटलच्या छतावर आठ वेगवेगळी माणसं काम करत असतात, पीओपीवाला, एसीवाला, लाइटवाला, ऑक्सिजनच्या पाइपलाइनवाला, नर्सकॉलवाला, कॅमेरेवाला, स्प्रिंकलर असेल तर प्लंबर, अन् तुम्ही. प्रत्येकजण फोन करून म्हणतो मॅडम माझं इथं बसत नाही. कोणीच सांगत नाही की मग कुठं बसेल. तुम्ही जर एका कागदावर खोलीचा चौकोन काढून, एसी इथं आहे, डिटेक्टर इथं न्यावा लागेल, भिंतीपासून इतका, लाइटच्या रांगेत बसवायचा असेल तर या दोन जागा चालतील, यातली कोणती ठेवू, असं विचारलं असतं तर मी पाच मिनिटांत खूण करून परत पाठवलं असतं. खरं सांगते, असा कागद पाठवणारा ठेकेदार आम्ही शोधत असतो.

जागा सुचवताना नियमही सोबत लिहा. आयएस २१८९ मध्ये, म्हणजे फायर अलार्मच्या भारतीय मानकात, खोलीतल्या कोणत्याही बिंदूपासून जवळचा स्मोक डिटेक्टर जास्तीत जास्त ७.५ मीटरवर अन् हीट डिटेक्टर ५.३ मीटरवर धरतात, भिंतीच्या अगदी कडेला लावत नाहीत, अर्धा मीटर तरी सोडतात, खोल बीम असेल तर त्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या धराव्या लागतात. हे तुम्हाला रोजच्या कामातून माहीत आहे, आम्हाला प्रत्येकाला तोंडपाठ नसतं. कॉलेजमध्ये अग्निसुरक्षेत आम्ही मुख्यतः जिन्याची रुंदी, बाहेर पडायचं अंतर, दोन जिने असं शिकतो, डिटेक्टर कुठं लावायचा हे बहुतेकजण कामावर शिकतात. म्हणून 'मॅडम, तुमचं चुकलं' असं न म्हणता 'या खोलीत बीम खोल आहे म्हणून एकाऐवजी दोन लागतील' असं म्हटलं की आम्हालाही शिकायला मिळतं अन् कोणाचा मान जात नाही.

फॉल सीलिंगच्या वरच्या पोकळीबद्दल तर आधीच विचारा. पोकळी ८०० मिलीमीटरपेक्षा खोल असेल तर आतही डिटेक्टर लागतात, अन् मग खोलीच्या दाराबाहेर लाल इंडिकेटर लागतो, छताला उघडायची झडप लागते. ही झडप रंगकाम झाल्यावर मागितली की आमचा जीव जातो.

पॅनलच्या जागेचंही तसंच. बहुतेक ड्रॉइंगमध्ये पॅनल इलेक्ट्रिकल रूममध्ये ढकललेला असतो, कारण तिथं जागा असते. पण रात्री दोन वाजता त्या खोलीला कुलूप असतं. पॅनल जिथं २४ तास माणूस बसतो तिथं पाहिजे, हॉस्पिटलमध्ये रिसेप्शन किंवा कॅज्युअल्टीचं टेबल. हे तुम्ही सुरुवातीलाच बोललात तर आम्ही रिसेप्शनच्या मागच्या भिंतीत त्याच्यासाठी जागा करून देतो, चांगली दिसेल अशी.

अलार्मवाला_हिंगणघाट

मॅडम, दादा, दोघांचेही मनापासून आभार. खरं सांगतो, आरसीपी हा शब्द मी ऐकला होता पण मागितला कधीच नव्हता. पॅनल आमच्याकडे पण इलेक्ट्रिकल रूममध्येच दाखवलाय, मी काही बोललो नाही, मला वाटलं तो माझा विषय नाही.

आता कन्सल्टंटचं सांगा कोणी तरी. त्यांना वाटते मी बिल वाढवतो. मला खरंच वाटते की रात्रपाळीच्या सिस्टरला 'झोन ४' असं दिसून उपयोग नाही, तिला खोलीचा नंबर दिसला पायजे.

लूप_आणि_झोन

मी नागपुरात कन्सल्टंटच्या ऑफिसमध्ये इंजिनिअर आहे, ११ वर्षं झाली. तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण तो मांडला चुकीच्या माणसाकडे अन् चुकीच्या वेळी. थोडं सविस्तर लिहितो कारण हे रोज पाहतो.

टेंडरच्या आधी प्रश्न विचारायची मुदत असते, प्रायव्हेट कामातही कोटेशन देण्याआधी ईमेलनं विचारता येतं. त्या वेळी 'हॉस्पिटलमध्ये कन्व्हेन्शनल पॅनल दिलाय, अ‍ॅड्रेसेबल अपेक्षित आहे का' असं विचारलं तर तो प्रश्न असतो. काम मिळाल्यावर तेच वाक्य म्हटलं तर ते एक्स्ट्रा आयटम वाटतं. कन्सल्टंट असंच पाहतो, कारण कमी भाव भरून काम घ्यायचं अन् नंतर एक्स्ट्रामध्ये वसूल करायचं असे लोक त्यानं पाहिलेले असतात. तुम्ही तसे नसाल, पण त्याला कसं कळणार.

आता वेळ गेलीच आहे तर असं करा. दोन कॉलमचा एक कागद बनवा. एका बाजूला सध्याचा बीओक्यू, म्हणजे ८ झोन, प्रत्येक झोनवर साधारण २० डिटेक्टर, झोन एका मजल्यापुरताच. दुसऱ्या बाजूला एका लूपचा अ‍ॅड्रेसेबल पॅनल. फरक किमतीत लिहा, पण वायरिंगची बचत पण लिहा, कारण कन्व्हेन्शनलमध्ये ८ झोनच्या ८ वेगळ्या केबल पॅनलपर्यंत येतात अन् अ‍ॅड्रेसेबलमध्ये एकच लूप फिरून परत येतो. हा आकडा बरेच ठेकेदार लिहीतच नाहीत, मग नुसती पॅनलची किंमत दिसते अन् ती जास्तच असते. लूपमध्ये साधारण दर २० डिव्हाइसमागे आयसोलेटर धरा, म्हणजे एका ठिकाणी शॉर्ट झाला तर तेवढाच तुकडा बंद पडेल. अन् शेवटी तुमचं सिस्टरचं वाक्य जसंच्या तसं लिहा, खोलीचा नंबर दिसला पाहिजे. तेच सगळ्यात पटणारं आहे. मला वाटतं कोणताही शहाणा कन्सल्टंट यावर विचार करेल, अन् नाही म्हणाला तरी 'नाही' लेखी येईल.

हे पत्र मालकाला नाही, कन्सल्टंटला पाठवा, कॉपी आर्किटेक्टना. मालकापर्यंत ते स्वतः नेतील.

बॅटरीचा हिशोबही सोबत जोडा, कोणी मागितला नसला तरी. नियम असा की लाइन गेल्यावर २४ तास पॅनल चालला पाहिजे अन् त्यानंतर अर्धा तास सगळे हूटर वाजले पाहिजेत. समजा पॅनल अन् डिटेक्टर मिळून ०.३५ अँपिअर घेतात, २४ तासांचे ८.४ अँपिअर-अवर झाले. अलार्ममध्ये १.८ अँपिअर, अर्ध्या तासाचे ०.९. बेरीज ९.३, त्याला बॅटरी जुनी होते म्हणून सव्वापट करा, ११.६ आले. म्हणजे १२ अँपिअर-अवरची बॅटरी अगदी काठावर आहे, १८ ची घ्या, २४ व्होल्टसाठी १२ व्होल्टच्या दोन. तालुक्याला वादळात लाइन गेली की कधी रात्रभर येत नाही, हे नागपूरच्या ऑफिसात बसून कळत नाही. तुम्ही तिथले आहात, ही माहिती तुम्हीच द्यायची.

माल घेण्याआधी मंजुरी घ्या. डेटाशीट, मेक, मॉडेल, सर्टिफिकेट असा एक संच पाठवायचा अन् शिक्का येईपर्यंत खरेदी करायची नाही. मी असे ठेकेदार पाहिलेत की माल साइटवर आणून टाकतात अन् मग म्हणतात आता आला आहे तर घ्या. त्यानं एकदा काम निघतं, विश्वास कायमचा जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर कोणीच बोललं नाही. अलार्म वाजल्यावर काय काय व्हायला पाहिजे? लिफ्ट खाली येऊन दार उघडून थांबली पाहिजे, एसीचा हवा फेकणारा पंखा बंद झाला पाहिजे नाहीतर तोच धूर सगळीकडे पसरवतो, दारांना चुंबकाची लॉक असतील तर ती सुटली पाहिजेत. याचा एक तक्ता असतो, कॉज अँड इफेक्ट म्हणतात, डावीकडे काय घडलं, वर काय व्हावं. हा तक्ता आर्किटेक्ट, कन्सल्टंट, लिफ्टवाला, एसीवाला अन् तुम्ही एका टेबलावर बसून भरायचा असतो. लिफ्टच्या पॅनलपर्यंत केबल कोण नेणार, कॉन्टॅक्ट कोण देणार, हे त्याच दिवशी नावानिशी लिहायचं. मी किती तरी इमारती पाहिल्या जिथं अलार्म सुंदर वाजतो अन् लिफ्ट निवांत वर-खाली करत राहते, कारण दोन फूट केबल कोणाच्याच कामात नव्हती. तुम्हीच ही मीटिंग मागा. मीटिंग मागणारा अलार्मवाला कन्सल्टंटच्या लक्षात राहतो.

नकाशा_अमरावती

वरच्या तक्त्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. हूटरबद्दल एक जोडते. हॉस्पिटलमध्ये हूटर कुठं अन् किती जोरात हे डॉक्टरांनाही विचारून ठरवा. सर्वसाधारण जागी ६५ डेसिबल किंवा आजूबाजूच्या आवाजाहून ५ ने जास्त, जिथं माणूस झोपतो तिथं उशाशी ७५ धरतात, अन् बंद दारामागे साधारण २० डेसिबल कमी होतात, म्हणून पॅसेजमधला एक हूटर पुरत नाही. पण आयसीयूत अन् प्रसूतीच्या खोलीत एकदम कर्कश वाजवून पेशंटला घाबरवून उपयोग नाही, ते पेशंट स्वतः उठून जाऊ शकत नाहीत, तिथं स्टाफला आधी कळलं पाहिजे. हा निर्णय एकट्या ठेकेदाराचा नाही अन् एकट्या आर्किटेक्टचाही नाही.

रेचा_अन्_गठाण

मी वणीकडच्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर आहे. जिनिंगचं काम येणार म्हणता म्हणून लिहितो.

आमच्या इथं मागं एका ठेकेदारानं रेच्यांच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या, हॉलमध्ये स्मोक डिटेक्टर लावले होते, ड्रॉइंगमध्ये होते म्हणून. सीझन चालू झाला अन् आठ दिवसांत सगळे रुईच्या फुफाट्यानं भरले. रोज दोनदा अलार्म. शेवटी मजुरांनी पॅनलचा आवाजच बंद करून टाकला, अन् पुढं एका रात्री कापसाच्या गंजीला आग लागली तेव्हा तो बंदच होता. कोणी दगावलं नाही, पण माल बराच गेला. ठेकेदार म्हणे मी ड्रॉइंगप्रमाणे लावलं. ड्रॉइंग करणारा म्हणे मला जिनिंगचं माहीत नव्हतं. दोघांनीही मला एकदा विचारलं असतं तर मी हॉल दाखवला असता.

म्हणून सांगतो, ड्रॉइंग बनायच्या आधी आर्किटेक्टना सीझनमध्ये एखाद्या चालू जिनिंगमध्ये घेऊन जा. दिवाळीनंतर कधीही. कापसात खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा आला की रेच्यात ठिणगी उडते, बेअरिंग तापते, कोणी बिडी टाकते. ठिणगी कापसात शिरली की वरून काही दिसत नाही, आत धुमसत राहते, दाबून बांधलेल्या गठाणीत तर कित्येक तास, कधी दिवस दिवस. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागदावर नीट उतरत नाही.

लूप_आणि_झोन

एकदम बरोबर. हॉलमध्ये साध्या स्मोक डिटेक्टरऐवजी फ्लेम डिटेक्टर, हवेच्या डक्टमध्ये ठिणगी ओळखणारा डिटेक्टर, अन् हाताजवळ मॅन्युअल कॉल पॉइंट, म्हणजे माणसानं दाबून अलार्म वाजवायचा डबा, असा विचार व्हायला पाहिजे. गठाणींच्या गोडाऊनमध्ये बीम डिटेक्टर चालतो, एका टोकाला यंत्र अन् दुसऱ्या टोकाला रिफ्लेक्टर. पण तो पत्र्याला किंवा पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांना, लावू नका, वाऱ्यानं अन् उन्हानं पत्रा हलतो अन् किरण चुकतो, कॉलमला लावा. अन् तो कॉलम कुठं येणार हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी समजून घ्या. गठाणी किती उंच रचतात हे पण विचारा, नाहीतर थप्पी किरणाच्या आड येते.

निवृत्त_उपअभियंता

मी सरकारी बांधकामात नोकरी केली, आता गावी शेती पाहतो. चर्चा चांगली चालली आहे म्हणून दोन शब्द.

सरकारी कामात एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्यावरून बिल निघतं त्या मोजमाप पुस्तकात तेच चढतं जे मंजूर आहे. तोंडी सांगितलं म्हणून जास्तीचे पाच डिटेक्टर लावले तर त्या पाचाचे पैसे मिळणार नाहीत, अन् इंजिनिअरची इच्छा असली तरी तो देऊ शकत नाही. यात त्याचा दुष्टपणा नसतो, ऑडिटला उत्तर त्याला द्यावं लागतं. आधी पत्र, मग मंजुरी, मग काम.

दुसरं, काम संपल्यावर प्रत्यक्षात जसं झालं तसा नकाशा द्या, अ‍ॅज बिल्ट. पन्नास ठेकेदारांपैकी दोन-तीन देत असतील. मी बदलीवर नव्या ठिकाणी गेलो की पहिल्यांदा हाच नकाशा शोधायचो अन् तो मिळायचा नाही, मग कोणती केबल कोठून गेली हे शोधायला छत फोडा.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे, त्यात यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर आहे, अन् लायसन्स असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी अन् जुलैमध्ये, यंत्रणा नीट चालू असल्याचा फॉर्म बी भरून द्यावा लागतो. बसवल्यावरचा फॉर्म ए पण एजन्सीच देते. म्हणजे तुमच्या एजन्सीची सही पण त्या इमारतीवर आहे. आर्किटेक्टशी बोलताना हे मनात ठेवलं तर आवाज चढवावा लागत नाही अन् दबूनही राहावं लागत नाही. फॉर्म बी साठी दर सहा महिन्यांनी कोणी तरी त्या डिटेक्टरपर्यंत पोचणार आहे, तेव्हा शिडी लागेल अशा जागी आहे का हे पण डिझाइनच्या वेळीच आर्किटेक्टना विचारा. जिन्याच्या मधल्या पोकळीवर २५ फुटांवर लावलेला डिटेक्टर पुन्हा कोणी तपासत नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली अन् १० बाळं गेली. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण आयुष्यभर अशाच इमारती बांधल्या होत्या, कित्येक दिवस झोप लागली नाही. तुमच्या ४० खाटांत पण लहान बाळांची खोली असेल. त्या खोलीचा नकाशा घेऊन मॅडम अन् कन्सल्टंट, दोघांसोबत एकदा उभं राहा, प्रत्यक्ष खोलीत, नकाशावर नाही.

रोखठोक_वरुड

उपअभियंता साहेब, तुमचं वाचून माझं मत बदललं. मी पण चालू कामाच्या आर्किटेक्टना आज ईमेल केला, पॅनलच्या जागेचा. आमच्याकडे पण कुलूपबंद खोलीतच आहे.

अलार्मवाला_हिंगणघाट

मंडळी, आठ दिवसांनी लिहितो, कारण तुम्ही सांगितलं ते करून पाहिलं.

गुरुवारी सकाळच्या बसनं नागपूरला गेलो. आधी ईमेल टाकला होता, प्रश्न १ ते प्रश्न ९. सोबत पहिल्या मजल्याचा कागद, प्रत्येक खोलीला दोन-दोन जागा दाखवलेल्या, अन् पत्र्याखालच्या थर्मामीटरचा फोटो. आता मे नाही तरी दुपारी ५१ दाखवत होता. मॅडमना आधी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या डॉक्टरांसमोर बोलायला नको होतं, मीही चिडले होते. मग त्यांनीच आरसीपी काढून टेबलावर पसरला. ७ पैकी ४ जागा मी लावल्या तशाच राहिल्या, ३ सरकवायच्या आहेत, अन् त्यातली एक खोली तर मी मोजलीच चुकीची होती, हे तिथं कळलं. छताचा खर्च अर्धा बिल्डर देणार, अर्धा मी.

पॅनल रिसेप्शनच्या मागे येऊन राहिला. कन्सल्टंट साहेबांनी दोन कॉलमचा कागद वाचला, काही बोलले नाहीत, घरी गेल्यावर ईमेल आला की अ‍ॅड्रेसेबलचा रेट अ‍ॅनालिसिस, म्हणजे दराचा सविस्तर हिशोब, पाठवा, केबलच्या बचतीसकट. अजून हो म्हटलं नाही, पण फोन उचलून राहिले. स्टोअरचा हीट डिटेक्टर बदलायला मंजुरी मिळाली.

तक्त्याची मीटिंग पुढच्या बुधवारी साइटवर आहे, लिफ्टवाला अन् एसीवाला दोघंही येतो म्हणाले. त्याच दिवशी बाळांच्या खोलीत सगळे उभं राहून पाहणार आहोत, उपअभियंता साहेबांचं ऐकून मीच विनंती केली, डॉक्टरसाहेब पण येतो म्हणाले.

जिनिंगचं अजून ठरलं नाही, पण मॅडम म्हणाल्या की ड्रॉइंग करायच्या आधी एक चालू जिनिंग पाहायची आहे. वणीवाले भाऊ, सीझन सुरू झाला की मी त्यांना घेऊन तुमच्याकडे आलो तर चालते का? कोणता वार बरा पडेल तेवढं सांगा.

रेचा_अन्_गठाण

या न. सोमवारी गाड्यांची गर्दी असते, मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी ११ च्या आत या, तेव्हा सगळे रेचे चालू असतात. मॅडमना सांगा नाकाला बांधायला रुमाल आणा, अन् चप्पल नको, बूट घाला.